तेहेतीस हप्त्यांचा धोंडा

मंडळी, ऐका. टाळ जरा मांडीवर ठेवा. गायचं आहेच, पण आधी मला एका प्रश्नाचं उत्तर द्या.

माणूस विहिरीत पडला. पोहता येत नाही. काठावर चार माणसं उभी आहेत. तो 'वाचवा' म्हणून ओरडतो की नाही? — ओरडतो! बरोबर. गळा फाटेस्तोवर ओरडतो. आता तोच माणूस कर्जात पडला. काठावर तीच चार माणसं आहेत. बायको आहे, लेक आहे, भाऊ आहे, शेजारी आहे. तो ओरडतो का?

बघा, सगळे गप्प झाले. मघाशी बायकांच्या बाजूनं 'ओरडतो की' म्हणून आवाज आला होता, तोही बंद झाला. तिकडं खांबाच्या आड दोघं-तिघं सरकून बसले, मला इथून दिसतंय हं!

का बरं? पाण्यात बुडणाऱ्याला लाज नाही आणि देण्यात बुडणाऱ्याला लाज, हे कसं? मदतीला हाक मारणं हा कमीपणा आहे का? आज एवढ्या एकाच प्रश्नासाठी उभा आहे मी. उत्तर मी देणार नाही. माझी ती लायकी नाही, आणि का नाही ते शेवटी कळेल. उत्तर एका डेअरीतल्या माणसाच्या गोष्टीत आहे, ती सांगतो.

आता हा महिना कुठला? अधिक महिना. धोंड्याचा महिना. जुनी माणसं सांगतात, या महिन्याला कुणी वालीच नव्हता. बाकी बारा महिन्यांना एकेक देव मिळाला, हा उरलेला, आगंतुक. लोक त्याला मळका महिना म्हणायचे. लग्न नाही, मुंज नाही. तो बिचारा रडत देवाकडे गेला, आणि देव म्हणाला, आजपासून तुला माझं नाव. झाला पुरुषोत्तम मास! आता यात एक गंमत बघा. देव आपण होऊन त्याच्या दारी आला नव्हता. महिना गेला. त्यानं तोंड उघडलं. तोंड उघडल्यावर नाव मिळालं. हे ध्यानात ठेवा.

म्हणा माझ्याबरोबर. ओळी माझ्याच आहेत, वेड्यावाकड्या आहेत, गोड मानून घ्या —

लपविले ते वाढत गेले,
सांगितले ते सरत गेले.

वा. बापू, पेटी छान लागली आज.

तर ऐका. आपल्याच सातारा जिल्ह्यात एक गाव. गावात दूध डेअरी. त्या डेअरीत एक गृहस्थ, मधुकर पिसाळ. नाव मी बदललंय, पण माणूस खराखुरा आहे. मधुअण्णा म्हणायचे सगळे. काम काय? दूध तपासायचं. गवळी किटली घेऊन आला की अण्णा दुधात ती काचेची नळी सोडणार, डिग्री बघणार आणि सांगणार, 'पाव्हणं, विहीर जवळ दिसतीय तुमची.' पाण्याचा एक थेंब त्यांच्या नजरेतून सुटायचा नाही. चोवीस वर्षं नोकरी. कुणाचा पैसा खाल्ला नाही. पतपेढीचं कर्ज दोनदा काढलं, दोन्ही वेळा एकही हप्ता चुकवला नाही. घरात बायको इंदूताई आणि एकुलती एक लेक रेवती. रेवतीचं लग्न झालं, जावई मिळाले सुहासराव निकम. कराडला औषधांच्या कंपनीत. शांत माणूस. फार बोलायचं नाही, पण सासऱ्याला 'मामा' म्हणून हाक मारली की अण्णांची छाती दोन इंच वर!

आणि लग्नानंतर आला पहिला अधिक महिना. पहिला धोंडा! जावई म्हणजे या महिन्यात साक्षात नारायण. त्याला जेवायला बोलवायचं, पुरणाचे धोंडे घालायचे, तेहेतीस अनारसे द्यायचे, दिवा द्यायचा. दिवा कशाचा द्यायचा? शास्त्र सांगतं, ऐपतीप्रमाणे. भावकी सांगते, चांदीचा. शास्त्राचं कोण ऐकतंय हो? भावकी जोरात बोलते!

अण्णांच्या चुलतभावानं आपल्या जावयाला चांदीचं ताट दिलं होतं. झालं. नेमकं त्याच वेळी अण्णांच्या हातात क्रेडिट कार्ड आलं होतं. बँकेतलं पोरगं डेअरीत येऊन फॉर्म भरून गेलेलं. त्या फॉर्मवर एक रकाना होता. ओळखीच्या एका माणसाचं नाव आणि नंबर. अण्णांनी कुणाचा लिहावा? भावाचा? शेजाऱ्याचा? नाही. झोकात लिहिलं — सुहास निकम, जावई. अभिमान हो! फॉर्मवर सुद्धा जावयाचा मान.

चांदीचं ताट, चांदीचा दिवा, जावयाला अंगठी, लेकीला पैठणी. कार्ड घासलं. एका दिवसात एक लाख दहा हजार. सोहळा काय झाला! फोटो अजून भिंतीवर आहे.

महिन्यानं मोबाइलवर निरोप आला. एकूण येणं अमुक, आणि खाली लिहिलेलं, कमीत कमी भरा साडेपाच हजार. आता इथं चूक झाली बघा. आणि ही चूक लबाड माणसाच्या हातून व्हायची नाही. ही चूक फक्त ज्यानं जन्मभर पतपेढीचे हप्ते इमानानं भरलेत, त्याच्याच हातून व्हायची. अण्णांना वाटलं, साडेपाच हजार हा हप्ता आहे! हप्ता म्हणजे काय? दर महिन्याला भरायचा, आणि भरता भरता एक दिवस कर्ज संपतं. चोवीस वर्षांचा अनुभव. वेळेवर भरला की झालं. भरत राहिले. एक दिवस उशीर नाही. मध्येच इंदूताईंच्या दाढेचं काम निघालं, घासलं कार्ड. गिझर बिघडला, घासलं. दोन वर्षांनी निरोपातला आकडा बघितला, तर एक लाख साठ हजार. आणि 'हप्ता' आठ हजार!

अण्णा चक्रावले. वाटलं, कुठंतरी चुकलं असेल, होईल नीट. मग दुसऱ्या बँकेचं कार्ड घेऊन पहिल्याचे भरले. तिसऱ्याचं घेऊन दुसऱ्याचे. खड्डा बुजवायला माती कुठून आणली? शेजारी दुसरा खड्डा खणून!

— थांबा हं. हा फोन कुणाचा वाजतोय? माझाच. बंडीच्या खिशात राहिला. माफ करा. कोण आहे... अनोळखी नंबर. राहू द्या. देवाच्या दारात फोन बंदच पाहिजे, चूक माझी.

कुठं होतो आपण? तिसरं कार्ड. पगार हप्त्यांत जायचा, घरखर्च कार्डांवर, वर व्याज; सगळी मिळून तीन लाख पंचाऐंशी हजार. पगार चौतीस हजार. घरी बँकेची पाकिटं यायची, ती अण्णा डेअरीच्या कपाटात, नमुन्याच्या बाटल्यांच्या रिकाम्या खोक्यात टाकायचे. फोडायचे नाहीत. बायकोला माहीत नाही. लेकीला माहीत नाही. डेअरीची स्वतःची कामगार पतसंस्था, स्वस्तात कर्ज देणारी, पण तिथं अर्ज कसा करायचा? संचालक सगळे ओळखीचे. 'पिसाळ, तुम्ही?' असं कुणी म्हटलं तर!

एक हप्ता चुकला. दुसरा चुकला. वसुलीवाल्यांचे फोन सुरू झाले. आणि एके दिवशी त्यातला एक म्हणाला, "ओ पिसाळ, तुम्ही पैसे देत नसाल तर फॉर्मवर सुहास निकम म्हणून नाव आहे. जावई ना तुमचे? विचारू का त्यांना?"

मंडळी, तिथं त्या माणसाच्या पायाखालची जमीन गेली. घर गेलं तरी चाललं असतं. नोकरी गेली तरी चाललं असतं. पण जावयाला फोन? ज्या चांदीच्या ताटात जावई जेवला, ते ताट अजून फिटलेलं नाही हे त्याला कळणार? उद्या लेकीला सासरी कुणी म्हटलं, 'तुझ्या बापानं उधारीवर मान दिला', तर ती मान वर करून कशी वावरेल? अण्णांचं सगळं त्या एका गोष्टीत अडकलं. जावयाला कळता कामा नये. बस्स. हातापाया पडायचे त्या फोनवरच्या पोराच्या. त्यांच्या लेकीपेक्षा लहान असेल ते.

आणि अशात, मंडळी, आला दुसरा अधिक महिना.

आता काय करणार? दुसरा धोंडा! पहिल्याला ताट दिलं, मग दुसऱ्याला रिकामा हात कसा पुढं करायचा? अण्णांनी चौथ्या कार्डाचा अर्ज खिशात घातला आणि साताऱ्याला निघाले. आधी अर्ज द्यायचा, मग सराफाकडं चांदीचा तांब्या बघून ठेवायचा. हसू नका. बुडणारा माणूस दगडाला सुद्धा धरतो. तुम्ही-आम्ही वेगळं काय करतो?

सराफकट्ट्याकडं वळणार तेवढ्यात फोन. तोच नंबर. भर रस्त्यात कसं बोलायचं? बाजूला एक जुनी इमारत, तिचा अरुंद जिना. अण्णा आत शिरले, जिन्याखालच्या अंधारात भिंतीकडं तोंड करून उभे राहिले, आणि हळू आवाजात बोलायला लागले. "साहेब, चार दिवस द्या. साहेब, जावयाला नको. तुमच्या पाया पडतो. पण जावयाला नको."

आता जुना जिना कसा असतो? खाली कुजबुजलं की वर घुमतं! आणि वर, पहिल्या मजल्यावर, काय होतं? अण्णांनी पाटीसुद्धा वाचली नव्हती हो. वर होतं कर्ज सल्ला केंद्र! कर्जात अडकलेल्यांना मोफत सल्ला देणारं कार्यालय! अख्ख्या साताऱ्यात हजार जिने. लपायला हाच जिना कसा मिळाला? पाय अण्णांचेच होते, मान्य. पण चालवलं कुणी? मला सांगा, कुणी चालवलं?  जो माणूस तीन वर्षं कुणाला हाक मारत नव्हता, त्याची हाक देवानं जिन्यातून वर पोचवली.

वरून पावलं वाजली. साठीच्या एक बाई खाली आल्या. साधी सुती साडी, चष्मा दोरीला बांधलेला. त्यांनी काही विचारलं नाही. हात पुढं केला. अण्णांनी, कसं काय कोण जाणे, फोन त्यांच्या हातात दिला. बाई शांतपणे फोनवर म्हणाल्या, "नमस्कार. आपलं पूर्ण नाव सांगा. कुठल्या एजन्सीकडून बोलताय? ओळखपत्राचा नंबर सांगा, लिहून घेते." पलीकडून काय ऐकू आलं? काही नाही. फोन कट! जो आवाज चार महिने अण्णांच्या छातीवर बसला होता, तो चार वाक्यांत पळाला.

अण्णांनी फोन परत घेतला. "बाई, तुम्ही कोण?"

"मी शाहीन मुजावर. वर बसते. चहा टाकलाय, या वर."

मुजावर बाईंनी बत्तीस वर्षं बँकेत नोकरी केलेली. त्याच नंतर सांगायच्या, 'निम्मी नोकरी कर्जं वाटण्यात गेली, आता उरलेलं आयुष्य ती सोडवण्यात घालवते.' अण्णांनी चहा घेतला. आणि मग तीन वर्षांत पहिल्यांदा, एका परक्या बाईसमोर, सगळं सांगितलं. बाईंनी मध्ये एकदाही 'अरेरे' म्हटलं नाही आणि 'असं कसं केलंत' असंही म्हटलं नाही. डॉक्टर ताप मोजतो तसं ऐकलं. दुसऱ्या दिवशी सगळी पाकिटं घेऊन या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी अण्णा ते बाटल्यांचं खोकं घेऊन गेले. बाईंनी एकेक पाकीट स्टीलच्या पट्टीनं फोडलं, तारखेप्रमाणे लावलं. मग विचारलं, "पिसाळभाऊ, तुम्ही डेअरीत काय करता?"

"दूध तपासतो. पाणी आहे का बघतो."

"मग हा तुमचा आठ हजारांचा हप्ता तपासू. यातलं साडेसहा हजारांच्या वर फक्त व्याज आणि त्याच्यावरचा कर. म्हणजे पाणी. दूध किती? दीड हजारसुद्धा नाही. आणि तेवढ्याचं तुम्ही परत महिनाभरात सामान घेतलंत."

अण्णांनी म्हणे तो कागद उचलून डोळ्यांजवळ धरला. चोवीस वर्षं दुसऱ्याच्या किटलीतलं पाणी ओळखणारा माणूस! मग एवढंच म्हणाले, "मॅडम, हे मला कुणीच सांगितलं न्हाई."

"तुम्ही कुणाला विचारलंत?" बाई म्हणाल्या.

मंडळी, किती साधा प्रश्न. पण तो आपल्या सगळ्यांच्या काळजात घुसावा असा आहे.

मग अण्णांनी चौथ्या कार्डाचा अर्ज स्वतःच्या हातानं फाडला. तीन कार्डं कात्रीनं कापली.  खिशातून फीचे पाचशे काढले, बाईंनी परत केले. म्हणाल्या, "इथं फी नाही. आणि एक सांगते. 'आधी वीस हजार द्या, कर्ज निम्मं करून देतो' म्हणून कुणी भेटलं, तर लांबून नमस्कार करा. पण माझी एक अट आहे. घरी सांगितल्याशिवाय मी कुणाची फाइल उघडत नाही. बायकोला सांगा. आणि जावयाला सांगा. त्यांनी सांगायच्या आधी तुम्ही सांगा."

"मॅडम, जीव मागा," अण्णा म्हणाले. "दुसरं काय बी मागा. जावयाला न्हाई सांगू शकत."

"जीव घेऊन मी काय करू? त्याचा हप्ता बसत नाही. सांगून या, मग फाइल उघडते."

घ्या! आता आली का पंचाईत? ज्यापासून पळत होता, तीच गोष्ट औषध म्हणून हातात दिली. कडू काढा हो!

घरी आले. इंदूताई कणीक मळत होत्या. अण्णा उंबऱ्यावर बसले आणि सांगून टाकलं. सगळं. आकड्यासकट. इंदूताईंचे हात परातीत तसेच थांबले. अण्णांना वाटलं, आता ही रडणार. आता ही बोलणार. इंदूताई म्हणाल्या, "तीन वर्षं एकटं वागवलं व्हय तुम्ही? अवं, मी कशाला हाय मग?" आणि पुन्हा कणीक मळत म्हणाल्या, "पर धोंडा करायचा. पुरणाला काय कार्ड लागतंय? डाळ हाय, गूळ हाय. दिवा कणकेचा करीन. माझी आजी कणकेचाच करायची."

मायमाऊल्यांनो, तुम्हाला नमस्कार. आम्ही पुरुष तीन वर्षं डोकं फोडतो आणि तुम्ही परातीत उत्तर मळता.

रविवारी लेक-जावई आले. पाट मांडला, रांगोळी घातली. केळीच्या पानावर पुरणाचे धोंडे, वर तूप. तेहेतीस अनारसे घरी तळलेले. आणि पानापुढं कणकेचा दिवा, पिवळा, हळद घातलेला. सुहासराव पाटावर बसले. अण्णांनी हात जोडले. म्हणाले, "जावईबापू, जेवायच्या आधी माझं ऐका. मग जेवायचं की न्हाई ते तुम्ही ठरवा."

आणि सांगितलं. मागचं ताट कशावर आणलं ते सांगितलं. अजून फिटलं नाही ते सांगितलं. 'तुमचा नंबर मी त्या फॉर्मवर लिहिला, तुम्हाला फोन येतील,' हेही सांगितलं. रेवती भिंतीला टेकली. जावई खाली मान घालून ऐकत होते. सगळं ऐकलं.  उठले. चपला घातल्या. आणि बाहेर गेले!

मंडळी, विचार करा त्या घराचा. पानावर वाफाळलेले धोंडे, दिवा तेवतोय आणि पाट रिकामा. इंदूताईंनी पदर तोंडाला लावला. अण्णा भिंत धरून उभे. ज्याची भीती, ते झालं.

— परत वाजला हा फोन. तोच नंबर. बापू, हा घ्या, तुमच्या पेटीखाली दाबून ठेवा. ऐका तुम्ही, लक्ष इकडं द्या.

दारात पावलं वाजली. सुहासराव परत आले. गाडीपर्यंत गेले होते. हातात काय? एक डायरी. औषध कंपनीवाले वर्षाला वाटतात ना, तसली. ती त्यांनी अण्णांच्या हातात दिली. म्हणाले, "मामा, मला चार महिने झाले फोन येतायत."

काय? चार महिने!

"पहिला आला तेव्हाच कळलं मला. मी त्यांना सांगितलं, ते माझे मामा आहेत, नीट बोला. तरी येत राहिले. मी प्रत्येक फोनची तारीख, वेळ, नंबर, कोण काय बोललं, सगळं लिहून ठेवलंय. कधी लागलं तर असावं म्हणून. रेवतीलाही सांगितलं नाही."

अण्णांनी डायरीची पानं उलटली. मग म्हणाले, "मला का न्हाई बोलला?"

"तुमची मान खाली जाईल म्हणून. मला ती बघवली नसती, मामा."

आहाहा! थांबा, मंडळी. इथं जरा थांबा. टाळ वाजवू नका, नुसतं बसा. सासरा जावयापासून लपवतोय जावयाचा मान राखायला. जावई सासऱ्यापासून लपवतोय सासऱ्याचा मान राखायला. दोघं एकाच ओझ्याची दोन टोकं धरून उभे, आणि दोघांनाही वाटतंय, आपण एकटेच आहोत. एवढं प्रेम आणि एवढी मुकी माणसं! मी तर म्हणतो, देव कुठं राहतो असं कुणी विचारलं, तर त्या डायरीकडं बोट दाखवा. कुणाला कळू न देता चार महिने शिव्या ऐकून घेतल्या त्या पोरानं.

मग सुहासराव पाटावर बसले आणि सासूबाईंना म्हणाले, "वाढा आत्या. दिवा विझायच्या आत जेवतो." जावई पोटभर जेवला त्या दिवशी. अण्णा सांगतात, चांदीचा दिवा होता तेव्हा मी दिव्याकडं बघत होतो, कणकेचा होता तेव्हा जावयाच्या तोंडाकडं बघितलं.

आता खरी करामत पुढं आहे. अण्णा ती डायरी घेऊन मुजावर बाईंकडं गेले. बाईंनी डायरी उघडली, चष्मा लावला आणि खुर्चीत सरळ बसल्या. "भाऊ, हे काय आणलंत तुम्ही! कर्जदाराच्या नातेवाइकाला फोन करून बदनामी करायला यांना परवानगीच नाही. वेळेच्या बाहेरचे फोन आहेत. शिव्या आहेत. आणि हे तारीखवार!" त्याच दिवशी बँकेला लेखी तक्रार गेली. नुसती रडगाणी नाही, पुराव्यासकट. कळलं का? अण्णांनी जर तोंड उघडलं नसतं, तर ती डायरी गाडीतच राहिली असती. ज्या गोष्टीला सर्वांत जास्त घाबरले, तिच्यातच सुटका ठेवली होती देवानं.

दोन महिने पत्रापत्री चालली. बाई स्वतः गेल्या, बोलल्या. जादूची कांडी नव्हती हो. मुद्दल माफ झालं नाही, होणारही नव्हतं. घासलेलं कार्ड आपलंच. पण दंड आणि वरचे आकार मिळून पंचेचाळीस हजार कमी झाले. जावयाला येणारे फोन कायमचे थांबले. उरले तीन लाख चाळीस हजार. बाई म्हणाल्या, आता तुमच्या कामगार पतसंस्थेत चला. अण्णा संचालकांसमोर उभे राहिले, सगळं सांगितलं. आणि ज्यांच्या 'पिसाळ, तुम्ही?' ला ते घाबरत होते, त्यातला एक जण बाहेर आल्यावर हळूच म्हणाला, "त्या बाईंचा पत्ता मला पण द्या की."

अकरा टक्क्यांनी कर्ज मिळालं. तिन्ही कार्डं त्याच दिवशी फेडून बंद केली. आता महिना बारा हजार, आणि हा खरा हप्ता, दुधाचा, पाण्याचा नाही. बाईंनी कागदावर हिशेब मांडला. किती हप्ते बसले असतील? सांगा. तेहेतीस! ठरवून नाही हो, आकडाच तेवढा आला. अण्णा कागद बघून हसले म्हणे, डोळ्यांत पाणी घेऊन. जावयाला जेवढे अनारसे, तेवढेच हप्ते. आणि अधिक महिना किती महिन्यांनी येतो? साधारण तेवढ्यानंच फिरून येतो, महिना-दोन महिने इकडंतिकडं. म्हणजे शेवटचा हप्ता कधी? पुढच्या अधिक महिन्यात!

तेहेतीस महिने सोपे नव्हते. अण्णांनी चहा सोडला, मोटारसायकल विकून सायकलवर डेअरीला गेले. इंदूताईंनी शेवया करून विकल्या. मध्ये एकदा अण्णा आजारी पडले, हप्ता चुकतो की काय असं झालं. पण आता सांगायला माणसं होती. बाईंना फोन केला, बाईंनी पतसंस्थेशी बोलून पंधरा दिवस मुदत घेतली. सांगितलं, निभावलं.

आणि मंडळी, तो पुढचा अधिक महिना म्हणजे हाच. आत्ताचा! गेल्या सोमवारी तेहेतिसावा हप्ता गेला. पतसंस्थेनं कर्ज फिटल्याचा दाखला दिला. रविवारी धोंडा होता. यंदा पाट दोन मांडले होते. मुजावर बाईंना आग्रहानं बोलावलं होतं. इंदूताई निरांजन घेऊन जावयाकडं वळल्या, तर सुहासराव पाटावरून उठले आणि म्हणाले, "आत्या, आधी मॅडमना ओवाळा. या महिन्याचा मान त्यांचा." बाई नको नको म्हणत होत्या. शेवटी बसल्या. कणकेच्या दिव्याचा उजेड त्यांच्या चष्म्यावर पडला. मी हे ऐकीव सांगत नाही. मी होतो त्या पंगतीत. जेवलो. चार धोंडे खाल्ले. पण पाचव्याला हात पुढं झाला नाही माझा, आणि तो का झाला नाही, ते आता सांगतो.

म्हणा एकदा —

लपविले ते वाढत गेले,
सांगितले ते सरत गेले.

मंडळी, मघाशी दोनदा फोन वाजला. अनोळखी नंबर म्हणालो मी. खोटं बोललो. गादीवर उभं राहून, देवासमोर खोटं बोललो. तो नंबर मला चांगला ठाऊक आहे. हा गळ्यातला माईक, बाहेरचे ते मोठे स्पीकर, माझ्या गाडीचं ते नवं छत, सगळं कार्डावर आहे. दोन वर्षं मीही 'कमीत कमी भरा' तेवढंच भरत आलो आणि हप्ता भरतोय असं समजत आलो; गेले तीन महिने तेवढंही जमलं नाही, म्हणून हे वसुलीवाल्यांचे फोन. तुम्हाला वैराग्य शिकवणारा हा बुवा! म्हणून म्हटलं सुरुवातीला, उत्तर द्यायची माझी लायकी नाही.

आज सकाळी बायकोला सांगितलं. बाईंची अट आहे ना, घरी सांगितल्याशिवाय फाइल उघडत नाहीत. ती काय म्हणाली असेल? म्हणाली, "मला वाटलंच. फोन आला की तुम्ही गोठ्याकडं का जाता ते." ती समोरच बसलीय, तिसऱ्या रांगेत. बघा, हसतीय.

उद्या सकाळी दहा वाजता मुजावर बाई इथं येणार आहेत. देवळामागच्या धर्मशाळेत टेबल मांडायचंय. कुणी कुणाला विचारणार नाही. येताना न फोडलेली पाकिटं घेऊन या. मला ठाऊक आहे कुठं असतात ती. गव्हाच्या कणगीमागं असतात, देव्हाऱ्याच्या खणात असतात, दुकानाच्या गल्ल्याखाली असतात. आणि यायच्या आधी घरी एका माणसाला सांगून या.

नावं लिहायला पुजाऱ्यांजवळ एक वही ठेवलीय. पहिलं नाव लिहून झालंय, वाचून बघा. अक्षर माझं आहे. दुसरी ओळ रिकामी आहे.

बापू, पेटी बाजूला घ्या आणि तो फोन इकडं द्या. वाजतोय तो. आज उचलतो.